मोज्यातली चौथी बाटली

६ फेब्रुवारी

काहीच नाही!

ग्लासात नाक घातलं, फेस नाकाला लागला, तरी काही नाही. ताप उतरला, सर्दी गेली, नाक स्वच्छ आहे — श्वास इतका मोकळा की आत-बाहेर नुसता वारा. पण त्या वाऱ्याबरोबर काहीच येत नाही. माल्टचं भाजकं धान्य नाही, हॉप्सची कडवट फुलं नाहीत, कारखान्यातल्या ओल्या फरशीचा वास नाही, माझ्या स्वतःच्या शर्टाचा नाही.

जिभेला कडू कळतं, गोड कळतं. पण कडू म्हणजे नुसतं कडू. कशाचं कडू, ते नाक सांगायचं. तेच रजेवर गेलंय.

फोरमन दारात उभा. "काय साहेब, ठीक?" मी मान हलवली. पाच नंबरची टाकी पास केली. ती रोजचीच बिअर, तिच्यात चुकण्यासारखं काही नसतं. नसावं.

बिअरच्या कारखान्यात चाखण्याचा पगार घेणारा माणूस मी. मी हो म्हटल्याशिवाय टाकीचा नळ उघडत नाही. उद्या येईल वास. सर्दीनंतर चार दिवस असं होतं म्हणतात.

७ फेब्रुवारी

नाही. फिनाईलची बाटली उघडून हुंगली. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही आला.

१० फेब्रुवारी, रविवार

मास्तरकडे बैठक होती. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाण्याचं कारण काय सांगणार? बारा वर्षांत मी एकही बैठक चुकवलेली नाही. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही, आणि ते आमची ही अजून काढते.

पद्धत आमची ठरलेली. ज्याच्या घरी बैठक त्याने चार बाटल्या आणायच्या, प्रत्येकीला धुतलेला मोजा घालायचा म्हणजे लेबल दिसत नाही. एकेक घोट. मग प्रत्येकाने पुठ्ठ्याच्या चकतीमागे दहापैकी गुण लिहायचे आणि सगळ्यांनी एकदम चकत्या उलटायच्या. नियम एकच — दयेचे गुण द्यायचे नाहीत. कोणी दिलेच आणि पकडला गेला, तर चारही बाटल्यांचा उरलेला गाळ एका ग्लासात करून त्याने प्यायचा. विमावाल्याने दोनदा प्यायलाय.

तिघांना हे वेड मीच लावलं. दंतोपंत दातांचा डॉक्टर, त्याला आधी बिअर आणि औषध यांतला फरक कळत नव्हता. मास्तर भूगोल शिकवतो, तो अजूनही प्रत्येक बिअरवर तास घेतो. विमावाला कशालाही सात देतो — गिऱ्हाईक दुखवायचं नाही ही सवय. आणि मी नाकोबा! पहिल्या घोटाआधीच नुसतं हुंगून सांगणारा — ही तांबडी, ही गव्हाची, हिचं पाणी जड आहे.

आज नाकोबा गप्प बसला. "आधी तुम्ही बोला, दर वेळी मीच का?" म्हणालो. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. दंतोपंतला बिअर आवडली की तो कानाची पाळी ओढतो. नाही आवडली की छताकडे बघतो. इतकी वर्षं मी हे बघून हसायचो. आज तेच बघून गुण लिहिले. कान — सात. छत — चार. जमलं! कोणालाही कळलं नाही. घरी येताना मात्र लक्षात आलं. मी बिअर चाखत नव्हतो, दंतोपंत चाखत होतो.

१२ फेब्रुवारी

नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कारखान्यात सांगितलं, दाढ दुखते.

बाईंनी नाकात दिवा घालून बघितलं. आत सगळं ठीक आहे म्हणाल्या. तापाने वासाच्या नसा बसतात. काहींच्या आठवड्यात उठतात, काहींच्या वर्षाने. मी विचारलं, आणि बाकीच्यांच्या? त्या कागदावर लिहायला लागल्या. लिंबू, लवंग, गुलाबपाणी, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं आणि वास आठवायचा. आठवायचा! जसं काही तो दूरचा नातेवाईक आहे.

मला भीती वाटते आहे. सरळ लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

१५ फेब्रुवारी

ही बाजारात गेली होती. गॅसवर दूध ठेवून गेली, लक्ष ठेवा म्हणाली. मी ओट्याला टेकून लवंग हुंगत उभा — हातभर अंतरावर. ही दारातूनच ओरडली. पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर. मी धुरातच उभा होतो, खिडकीकडे तोंड करून.

"अहो, तुम्हाला झालंय तरी काय?"

काही नाही म्हणालो. विचारात होतो. ही माझ्याकडे बघत राहिली. मग पातेलं घासायला घेतलं आणि एक शब्द बोलली नाही. ही बोलली नाही की मला जास्त धास्ती वाटते.

हिला का सांगत नाही? कारण सांगितलं तर ही दुसऱ्या दिवशी मला मालकांसमोर उभं करेल. जे आहे ते सांगून मोकळे व्हा म्हणेल. हिचा स्वभावच तसा, लपवाछपवी हिला जमत नाही. आणि मालकांना सांगितलं की संपलं. मालक स्वतः थेंबाला शिवत नाहीत — पित्त. प्रयोगशाळेत जंतू बघतात, अल्कोहोल मोजतात. वासाचं यंत्र घ्या म्हणून विक्रेता आला होता, तर मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा काय ताठ चाललो होतो मी!

पन्नाशी उलटलेल्या माणसाला नाकाशिवाय कोण ठेवून घेणार? दुसरं काय येतं मला? काहीही नाही.

२३ फेब्रुवारी

सहल. वर्षातून एकदा चौघं गाडी काढतो आणि अनोळखी गावांत जाऊन तिथली बिअर पितो, गुण देतो. या वेळी डोंगरापलीकडे. वळणावळणांचा रस्ता, विमावाला गाडी चालवतो म्हणजे प्रत्येक वळणावर आमचेही विमे निघतात.

दुपारी तीन ठिकाणी प्यायलो. दंतोपंतच्या समोरची खुर्ची पकडायची एवढंच माझं काम. एका ठिकाणी खांब मध्ये आला. सरळ सहा ठोकले. मास्तरने दोन दिलेले! "नाकोबा, तुला यात काय दिसलं?" मी म्हणालो, धाडस दिसलं. मास्तर पाच मिनिटं विचार करत होता.

पूर्वी या सहलीची मी वर्षभर वाट बघायचो. आज चौघांत बसून मला इतकं एकटं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन उगाच हात धुतले.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज मेलो होतो.

डोंगरावर एका बाईंचा छोटा कारखाना आहे, घराच्या मागच्या अंगणात दोन टाक्या. दंतोपंतने पोहोचताक्षणी माझी जाहिरात सुरू केली — आमचा हा माणूस हुंगून पाण्याची विहीर सांगतो वगैरे. बाईंनी हात पुसले, स्वतः ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. बाकीच्यांना दिलाच नाही. आधी तुम्ही सांगा म्हणाल्या. दंतोपंतच्या हातात काही नाही म्हणजे कानही नाही आणि छतही नाही.

मी हुंगलं. नुसत्या पाण्याचा ग्लास असता तरी चाललं असतं. घोट घेतला, डोळे मिटले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "चवीचा शेवट जरा लवकर होतो."

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, कसं ओळखलंत? या खेपेला हॉप्स कमी पडले होते, कोणाला कळणार नाही असं वाटलं होतं. आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या! विमावाल्याने पाठीवर थाप मारली.

त्या बाईंनी निघताना मला दोन बाटल्या बांधून दिल्या, तिघांना एकही नाही. गाडीत मागच्या सीटवर बसून आलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२६ फेब्रुवारी

लिंबू नाही. लवंग नाही. गुलाबपाणी शर्टावर सांडलं, दिवसभर प्रयोगशाळेतली मुलं लांबून बोलत होती.

१ मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कळलं. तर ऑफिसातला सगळा स्टाफ आत उभा. स्टेशनासमोर नवीन हॉटेल उघडतंय, त्यांनी आपली बिअर घेतली — फक्त आपली! सतरा तारखेला उद्घाटन. त्यांच्यासाठी वेगळी बिअर, दोन नंबरची टाकी पूर्ण. मालक म्हणाले, त्या दिवशी मीही एक घोट घेणार, पित्त गेलं खड्ड्यात. आणि स्टेजवर मला बोलावणार. "या माणसाच्या नाकावर माझा कारखाना उभा आहे, हे मला लोकांना सांगायचंय."

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसलो.

बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मालकांनी स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि गेलं ते परत खाली.

४ मार्च

फोरमन सकाळपासून मागे लागलाय. "साहेब, दोन नंबर बघा आणि सांगा. मग थंड करतो. तारीख जवळ आली."

इथेच सगळी गोम आहे. टाकी आंबून झाली की लगेच थंड करायची नसते. आधी तिला ऊब देऊन थांबायचं, म्हणजे यीस्ट मागे राहिलेला कचरा खाऊन टाकते. घाई केली तर बिअरला लोण्याचा वास राहतो. ताज्या ग्लासात थोडा, मग बाटलीत वाढतच जातो. एकदा थंड केलं की परत फिरता येत नाही. कधी थंड करायचं ते कुठलं घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. फोरमन तपकीर ओढतो, त्याचं नाक त्यानेच सांगितल्याप्रमाणे लग्नाआधीच वारलंय.

मी टाकीच्या नळाखाली ग्लास धरला. हुंगलं. परत हुंगलं. डोळे मिटून लोणी आठवायचा प्रयत्न केला. लोण्याचा वास कसा असतो तेच आठवेना.

"करा थंड," म्हणालो.

बोलून तर बसलो! फोरमन नळ फिरवून गेलासुद्धा.

५ मार्च

झोप नाही. थंड झाली तरी भरून बाहेर जायची आहे अजून. पास व्हायची आहे. कच्ची असेल तर ओतून द्यायला सांगेन, मग जे व्हायचं ते होवो. पण आधी कळायला हवं ना! कोणाला विचारू?

६ मार्च

सुचलं! रविवारी बैठक माझ्याकडे आहे.

मोजा आहे. तीन जिभा आहेत, तीन नाकं आहेत. लोण्याचा वास कसा पकडायचा हे मीच त्यांना शिकवलंय, एकदा तर वाटीत लोणी ठेवून. आणि नियम आहे — दयेचे गुण नाहीत. दोन नंबरच्या टाकीतली बिअर चौथ्या मोज्यात घालायची. लांब मानेच्या दुसऱ्याच बाटलीत भरायची, म्हणजे आकारावरूनही कळणार नाही. तिघं जे बोलतील ते खरं. खराब म्हणाले तर सोमवारी मालकांकडे जाऊन सगळं सांगायचं. नक्की. शपथ घेतो.

महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. हिने दुसऱ्यांदा भाजी वाढली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

८ मार्च

घरी आलो तेव्हा ही फोनवर बोलत होती. मला बघून, बरं भावजी, ठेवते, म्हणाली. ही दंतोपंतलाच भावजी म्हणते. काय गं? तर म्हणे, माझ्या दाढेचं विचारत होते. हिच्या दाढेला काय झालंय?

१० मार्च, रविवार

आठ! आठ! आठ!

नीट लिहितो.

पहिल्या तीन बाटल्या नेहमीसारख्या. दंतोपंतने दोनदा छत बघितलं, एकदा कान. मास्तरने तिसऱ्या बाटलीवर नद्यांपासून सुरुवात केली. विमावाल्याचे सात, सात, सात. भांडणं, हशा, हिने आणून ठेवलेले शेंगदाणे.

मग चौथा मोजा. मी ओतलं. माझ्या ग्लासातही ओतलं. दंतोपंतने घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग ग्लासाकडे. छत नाही, कानही नाही. मास्तर काहीच बोलला नाही — मास्तर! विमावाल्याने एका दमात ग्लास संपवला, ठसका लागला.

चकत्या उलटल्या. तिघांचे आठ. बारा वर्षांत तिघांचं कशावरही एकमत झालेलं नाही, पिक्चरच्या वेळेवरसुद्धा नाही. विमावाल्याने जन्मात पहिल्यांदा सात सोडून दुसरा आकडा लिहिला. मास्तर म्हणाला, "फार छान आहे रे ही. खरंच."

मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला आणि रडलो. ही मागे येऊन उभी राहिली. काय झालं विचारलं नाही. पाठीवर हात ठेवला फक्त.

दंतोपंतचा कान आठवतोय अधूनमधून. पण आठ म्हणजे आठ. लिहून दिलेत.

११ मार्च

दोन नंबर पास. फोरमनला म्हणालो, भरा. आवाज खणखणीत निघाला.

१३ मार्च

गाडी गेली. फाटकापर्यंत मालक स्वतः चालत गेले. मी मागे उभा होतो. त्या बॅचच्या दोन बाटल्या घरी आणून फ्रिजमध्ये ठेवल्यात. नाक कधी काळी आलंच तर पहिली तीच उघडायची. कारखान्यात दुसरं काम मागून घ्यायचं ठरवतोय उद्घाटनानंतर. खरेदी, काहीही. असं परत करणार नाही.

१५ मार्च

जेवताना हिला म्हणालो, तिघं रविवारी फार चांगले वागले, एरवी नुसते लचके तोडतात.

ही हसली. म्हणाली, मीच सांगितलं होतं भावजींना. हे सध्या फार खचलेत, दूध जळलं तरी भान नसतं, घास गिळतात म्हणून गिळतात. "म्हटलं, काही महिने तरी त्यांना सांभाळून घ्या. त्यांच्या कशालाही नावं ठेवू नका."

किती जीव आहे हिचा. मी हात धुवायला उठलो. काहीतरी टोचलं मनात, काय ते नीट कळलं नाही. तिघांना कुठे माहीत होतं मोज्यात काय आहे? बाटलीसुद्धा वेगळी होती.

१७ मार्च, रविवार

वास आला!

सकाळी साबणाचा. मग चहाचा. मग हिच्या केसांचा. हिला धरूनच ठेवलं. अहो दूध उतू जाईल, म्हणाली. गेलं. त्याचाही आला! चिमटा हरवल्याचं निमित्त करून ओट्याखाली वाकलो, म्हणजे डोळे पुसता येतील.

संध्याकाळी स्टेजवर जायचं. त्याआधी एकदा माझ्या नाकाने, म्हणून फ्रिजमधली बाटली काढली. उघडली.

लोणी.

दुसरी उघडली. लोणी. खवट, भांड्याला चिकटलेलं. हे त्या तिघांना कळलं नसेल असं होऊच शकत नाही, मीच शिकवलंय. आणि बारा वर्षं माझी बिअर पितायत, कोणाची आहे ते पहिल्या घोटाला ओळखलं असणार. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आठ बिअरला नव्हते दिले. मला दिले होते.

ही आतल्या खोलीत माझ्या शर्टाला इस्त्री करते आहे. गरम कापडाचा वास इथपर्यंत येतोय.